पावसाचा निबंध

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी जरा पाठ टेकली होती, तेवढ्यात कडी वाजली. दारात आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ. खरं म्हणजे माझेच विद्यार्थी, पण आता स्वतःच पन्नाशीला आलेले, तेव्हा गृहस्थच म्हणायचं. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, तरी उठायचं लक्षण दिसेना. शेवटी म्हणाले, "बाई, पोराला जरा तुम्ही समजावून सांगा. इंजिनिअरिंगचं शेवटचं वरीस हाय आणि ह्यो म्हणतोय, शॉर्ट फिल्म काढणार. आता त्यानं पोट भरतंय का वो?"

मी म्हटलं, "पाठवून द्या त्याला, बघते."

ते गेले आणि मी तशीच बसून राहिले. कारण हा प्रश्न मला नवा नव्हता. चाळीसएक वर्षांपूर्वी मीच तो एका मुलाला विचारला होता. आठवीच्या वर्गाला 'मी कोण होणार' असा निबंध घातला होता. डॉक्टर, इंजिनिअर, फौजदार अशी नेहमीची पिकं आली होती. एकाने लिहिलं होतं, मी दिग्दर्शक होणार. त्याचा मामा स्टुडिओत लाइटा उचलायचा, त्याच्याबरोबर हा सुट्टीत जायचा. तिथे काय काय बघितलं ते पानभर लिहिलं होतं. मी खाली लाल शाईत शेरा मारला, 'वास्तवाला धरून लिहावे', आणि वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "मामासारखं लाइटा उचलून पोट भरणार आहेस का?" पोरं हसली. तोही हसला. पुढे तो लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ काढू लागला. अजून रस्त्यात भेटला की पाया पडतो आणि मला अवघडल्यासारखं होतं.

असो. सांगायचा मुद्दा असा की, त्या पोराला समजवायचं तर आधी मलाच समजून घ्यायला हवं, म्हणून मी जुनी टिपणं काढली, चार पुस्तकं चाळली आणि त्या मुलालाच सांगितलं की तुझ्या लॅपटॉपवर मला काय दाखवायचं ते दाखव. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवते.

आपल्याकडे शॉर्ट फिल्मची एक जुनी ओळख आहे, ती म्हणजे भांडवलवाल्यापुढे ठेवायचा नमुना. ही ओळख थेट दादासाहेब फाळक्यांपासूनची. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला, पण त्याच्या आदल्या वर्षी फाळक्यांनी एक चिमुकला चित्रपट काढला होता, 'अंकुराची वाढ'. वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा मांडला आणि रोज थोडं थोडं टिपत गेले. पडद्यावर बघताना बी फुटून वेल डोळ्यांदेखत वर चढतोय असं दिसायचं. हा खटाटोप कशासाठी? तर पैसे लावणाऱ्याला पटावं म्हणून. तेवढ्यानेही भागलं नाही, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. म्हणजे या धंद्याच्या जन्मापासून छोटा चित्रपट हा मोठ्या चित्रपटासाठीचा अर्ज होता.

आपल्या कोल्हापुरात तर भांडवलाची ही गोष्ट फारच जवळून घडली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, रोज हजारो लोक त्याला वळसा घालून जातात. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी स्वदेशी कॅमेरा करायचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी पैसे लागले ते तानीबाई कागलकर या गायिकेने दिले. शेठ-सावकारांच्या आधी गाणाऱ्या बाईला त्यात काही दिसलं, हे मला फार मोलाचं वाटतं. १९२० साली 'सैरंध्री' आला आणि टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. १९२५ साली 'सावकारी पाश' आला. कर्जापायी जमीन गमावून शहरातल्या गिरणीत जाणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला, तोही बाकीचे पडदे देवादिकांनी भरलेले असताना. तरुण शांतारामबापू त्यात शेतकरी होते.

आणि पुढे? १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णी त्यांना मिळाले आणि १ जून १९२९ रोजी इथेच कोल्हापुरात 'प्रभात' सुरू झाली. बाबूराव पेंटरही पुढे आपल्याच कंपनीतून बाहेर पडले आणि बोलपट आले त्या सुमाराला कंपनी बंद झाली. ज्याने कॅमेरा घडवला त्याच्या हाती कंपनी राहिली नाही. कला कमी पडली असं कुणी म्हणणार नाही. सावकारी पाशाची गोष्ट सांगणाऱ्याला पैशाच्या गणिताने सोडलं नाही, एवढंच.

'प्रभात' १९३३ साली पुण्याला गेली. 'प्रभात' बंद झाल्यावर तिच्याच आवारात १९६० साली सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट काढली. म्हणजे कोल्हापुरात लावलेल्या रोपाची फांदी पुण्यात जाऊन शाळा झाली असं म्हणायला हरकत नाही. याच इन्स्टिट्यूटमध्ये शिकताना उमेश कुलकर्णी यांनी 'गिरणी' ही शॉर्ट फिल्म केली. घरात पिठाची गिरणी येते, मुलाला आधी तिची अपूर्वाई, मग तिचाच जाच, एवढीशी गोष्ट. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे त्यांचे 'वळू', 'विहीर', 'देऊळ' आले ते तुम्हाला ठाऊकच आहेत.

आता तुम्ही म्हणाल, बाई, इन्स्टिट्यूटमध्ये जायला मिळालं तर कुणीही करील. मला ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे ते तिथले नव्हेत. नागराज मंजुळे. 'सैराट'चे दिग्दर्शक म्हणून त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखतो. पण मला त्यांची वाट पाहायची आहे ती छोट्या चित्रपटांच्या बाजूने.

सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं जेऊर हे त्यांचं गाव. वडार समाजातला जन्म. पुणे विद्यापीठातून मराठी घेऊन एम.ए. केलं, म्हणजे आमच्याच पंगतीतले म्हणायचे. कविता लिहिल्या, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा त्यांचा संग्रह. मग तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, न्यू आर्ट्स कॉलेजमध्ये संज्ञापनाचा अभ्यासक्रम केला. त्या अभ्यासाचा भाग म्हणून त्यांनी 'पिस्तुल्या' ही शॉर्ट फिल्म काढली. शाळेत जावंसं वाटणारा, पण परिस्थितीने चोरीकडे ढकललेला एक लहान मुलगा. दिग्दर्शकाच्या पहिल्या प्रयत्नासाठी असतो तो राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला.

इथे जरा थांबते, कारण हे घडू शकलं यामागे यंत्राचाही हात आहे. जुन्या काळी ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं हजार फुटांचं रीळ चालायचं फार तर ११ मिनिटं. चुकलं की रीळ वाया, आणि मग लॅबचं धुलाईचं बिल वेगळं. त्यामुळे पंधरा मिनिटांचा चित्रपट काढायलाही एक तर संस्था पाठीशी हवी, नाहीतर सरकार. सरकारची फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली सुरू झाली. तिचे माहितीपट आम्ही टॉकीजमध्ये मुख्य सिनेमाच्या आधी बघायचो. खरं सांगायचं तर बघायचो नाही, तेवढ्या वेळात पुरुषमंडळी बाहेर विडी ओढून यायची आणि आम्ही भुईमुगाच्या शेंगा सोलायचो. छोट्या चित्रपटाला आम्ही प्रेक्षकांनीही कधी पाहुण्याचा मान दिला नाही. २००० नंतर डिजिटल कॅमेरे आले, रीळ गेलं आणि गावाकडच्या कॉलेजातल्या मुलाच्याही हाताला ही गोष्ट लागू लागली. मोठ्या चित्रपटाला मात्र तेव्हाही कोटींचीच भाषा होती. 'पिस्तुल्या' त्या फटीतून आला.

त्यात काम करणारा सूरज पवार हा मुलगा पुढे मंजुळेंच्याच 'फँड्री'त दिसला, 'सैराट'मध्ये प्रिन्स म्हणून दिसला. म्हणजे पहिल्या पंधरा मिनिटांत त्यांनी गोष्टीबरोबर माणसंही मिळवली. नट मुंबईहून आणायचे नाहीत, आपल्या मातीतली पोरं घ्यायची आणि त्यांच्या तोंडी त्यांचीच बोली ठेवायची, ही त्यांची सगळी रीत मला 'पिस्तुल्या'तच बांधलेली दिसते. 'फँड्री' महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारीत लागला. पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार त्यांना आणि बालकलाकाराचा पुरस्कार सोमनाथ अवघडेला मिळाला. मग २९ एप्रिल २०१६ ला 'सैराट'. गल्लीगल्लीत गाणी, टॉकीजबाहेर रांगा, शंभर कोटींच्या पुढे गेलेला पहिला मराठी चित्रपट.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. शिडी चढून माणूस माडीवर गेला. आता शिडीचं काय काम? 'सैराट'नंतर मंजुळेंना भांडवलासाठी कुणाच्या दारात जायची गरज नव्हती. मागितला तेवढा पैसा मिळाला असता. आणि अशा वेळी या माणसाने काय केलं, तर पुन्हा अर्ध्या तासाहून लहान चित्रपट काढला. 'पावसाचा निबंध'.

हा चित्रपट मी त्या मुलाच्या लॅपटॉपवर बघितला. डोंगराळ भागातलं गाव, धो धो पाऊस. राजा नावाच्या मुलाला शाळेत निबंध लिहायला सांगतात, पावसावर. इकडे त्याचा बाप दारू पिऊन पावसात पडलेला. त्याला घरी आणायचं आहे. घर म्हणावं तर तेही गळतंय. आई आहे, लहान बहीण आहे. पाऊस हिरवागार, झाडं निथळताहेत, अगदी निबंधात लिहावा तसा देखणा पाऊस. आणि त्याच पावसात हे घरदार चिखलातून बापाला ओढतंय.

चित्रपट संपला तरी मी काही बोलले नाही. मुलगा म्हणाला, "आज्जी, आवडला नाही का?" त्याला काय सांगणार?

मी ३२ वर्षं मराठी शिकवलं. दर वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहायची, 'पावसाळ्यातील एक दिवस'. पहिल्या पावसाने मातीचा सुगंध, हिरवा शालू नेसलेली धरणी, कागदी होड्या, गरम भजी, इंद्रधनुष्य. हे सगळं आलं की दहापैकी सात मार्क, एखाद्या कवितेची ओळ आली की आठ. भजी सगळ्यांच्या घरी होतात का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. आमच्या शाळेत नदीकाठच्या वस्तीतली मुलं यायची. पंचगंगेला पाणी चढलं की त्यांची घरं आधी पाण्यात जायची. त्यातल्या एकाने एकदा लिहिलं होतं, 'आमच्यात पाऊस आला की आई रात्रभर जागी असती.' मी 'आमच्यात' खोडून 'आमच्या घरी' केलं, 'असती' खोडून 'असते' केलं आणि शेरा दिला, 'विषयाला धरून नाही'. दहापैकी तीन. आणि ज्यांनी निबंध आणलेच नाहीत, त्यांना वर्गाबाहेर उभं केलं. का आणला नाहीस, हे विचारलं असेन, पण उत्तर ऐकायला थांबले नाही. तास पस्तीस मिनिटांचा असतो, साठ वह्या असतात, पोर्शन पुरा करायचा असतो. कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत.

माझ्या मनात आलं ते असं. हाच विषय घेऊन अडीच तासांचा चित्रपट निघाला असता तर त्यात गाणं आलं असतं, एखादा चांगला मास्तर आला असता, शेवटी बापाने बाटली फोडली असती आणि मी डोळे पुसून, सुखावून घरी आले असते. इथे चित्रपट संपला आणि सुटका झाली नाही. गोष्ट जेवढी होती तेवढीच सांगितली. तिला फुगवावं लागलं नाही, कारण तिकिटाचे पैसे वसूल करून द्यायचे नव्हते. लहान चित्रपटाचं हे बळ मला तेव्हा उमगलं. तो लहान आहे म्हणून कुणाचा मिंधा नाही.

२०१८ साली राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, त्यात कथापटांखेरीजच्या विभागात उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार 'पावसाचा निबंध'साठी मंजुळेंना मिळाला. पुढे २०२२ साली त्यांचा हिंदी 'झुंड' आला, त्यात अमिताभ बच्चन होते. आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला करोनाच्या दिवसांवरच्या 'अनपॉज्ड : नया सफर' या मालिकेत त्यांचा आणखी एक छोटा चित्रपट आला, 'वैकुंठ'. स्मशानात काम करणाऱ्या माणसाची गोष्ट, आणि तो माणूस त्यांनी स्वतःच उभा केला. म्हणजे बघा, 'पिस्तुल्या', 'पावसाचा निबंध', 'वैकुंठ'. प्रत्येक मोठ्या चित्रपटाच्या आगेमागे एक छोटा. याला शिडी म्हणत नाहीत. शेतकरी बाजाराचा ऊस लावतो, तरी बांधाला घरच्यापुरती तूर लावतो, तसं हे आहे.

फाळक्यांचा वाटाणा भांडवल मागायला उगवला होता. बाबूराव पेंटरांना भांडवलाने जमू दिलं नाही. शंभर वर्षांनी एका माणसाकडे भांडवल स्वतःहून चालत आलं, तेव्हा त्याने त्यातली थोडी मोकळीक लहान गोष्टीसाठी राखून ठेवली. इतिहास म्हणून बघायचं तर मला यात मोठा बदल दिसतो.

पण हेही खरं की मंजुळे एखादेच. त्यांचं उदाहरण देऊन प्रत्येक पोराला घोड्यावर बसवणं म्हणजे माझ्या लाल शाईच्या शेऱ्याइतकंच बेजबाबदार होईल. शॉर्ट फिल्मला तिकीट नाही, टॉकीज नाही. महोत्सवात लागते, टाळ्या मिळतात, प्रशस्तिपत्र मिळतं, आणि घरभाडं तसंच राहतं. हे काम करणारे बहुतेक जण जाहिराती करतात, लग्नं करतात, शिकवण्या घेतात आणि उरलेल्या पैशातून आपली गोष्ट सांगतात. आपल्या कोल्हापूरचे सचिन सूर्यवंशी यांनी आपल्याच गावावर कॅमेरा धरला. 'द सॉकर सिटी' हा आपल्या फुटबॉलवेडावरचा माहितीपट, त्याला फिल्मफेअरचा पुरस्कार मिळाला. 'वारसा' या त्यांच्या माहितीपटाला २०२४ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत कला-संस्कृती विभागातला मान मिळाला. पेठांमधला फुटबॉल आपण जन्मभर बघत आलो, पण तो कुणी पडद्यावर मांडेपर्यंत आपल्याला त्याचं काही वाटलं नाही. आपलं आपल्याला दाखवायला असा कुणीतरी लागतो, आणि त्याचं पोट कसं भरतं याची चौकशी आपण करत नाही.

गेल्या रविवारी त्या मुलाचे वडील पुन्हा आले. मी त्यांना जे सांगितलं ते असं : "यानं पोट भरत नाही. तुमचं बरोबर आहे. तेव्हा परीक्षा त्यानं दिलीच पाहिजे, नोकरीचंही बघितलं पाहिजे, मी त्याला तसं बजावलंय. पण गोष्ट काढू नको असं मी सांगणार नाही. एकदा सांगून बसलेय, पुन्हा नाही."

ते जरा गप्प बसले. मग म्हणाले, "खर्च किती येतोय त्याला?"

मी म्हटलं, "ते त्यालाच विचारा. तुम्ही विचारलंत तर त्याला बरं वाटेल."

त्याची गोष्ट मी वाचली आहे. वहीत लिहून आणली होती. महापुरात घर सोडायला तयार नसलेली एक म्हातारी. २०१९ च्या पुरात असली माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. हात शिवशिवला, पण लाल पेन काही घेतलं नाही. फक्त एका जागी विचारलं की म्हातारी घर का सोडत नाही, हे तू लिहिलं नाहीस, ते तुला माहीत आहे का? तो म्हणाला, माहीत नाही. मग म्हटलं, वस्तीत जाऊन आधी एखादीला विचार आणि ती सांगेल ते नीट ऐकून घे. मग चित्रपट कर.

म्हातारीचं काम मला करशील का म्हणून विचारतोय. गुडघे धड असतील तर करीन म्हटलं आहे.

त्या निबंधाच्या मुलाचं, ज्याची आई रात्रभर जागी असायची, त्याचं तोंड मला आठवतं, हस्ताक्षर आठवतं. आता साठीच्या आसपास असेल. तुमच्यापैकी कुणी त्या वर्गात असाल आणि तो तुम्हाला भेटत असेल, तर त्याला एवढं सांगा की बाईंनी मार्क चुकीचे दिले होते. निबंध विषयाला धरून होता.